आकाशातला सरवा



या पानातून मी तुमच्याशी बोलतो ते बहुधा बियाण्याबद्दल, खताबद्दल, नाहीतर कीड-रोगाबद्दल. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. आज आभाळातल्या धोंड्यांबद्दल बोलायचे आहे. "साहेबांना ऊन लागले काय?" असे म्हणू नका. अशाच एका धोंड्यापायी सेनगाव तालुक्यातल्या एका घरची हळद मातीमोल जायची वेळ आली होती, म्हणून हा प्रपंच.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. हळद काढणीचे दिवस. एक वयस्कर शेतकरी, आपण त्यांना आबा म्हणू, दिवेलागणीला माझ्या घरी आले. बरोबर त्यांची मंडळीही होती. आबांनी नव्या टॉवेलात गुंडाळलेला नारळाएवढा काळा दगड काढला आणि देव ठेवावा तसा अलगद टेबलावर ठेवला.

"साहेब, हळद काढताना नांगराला लागला. ह्यो आभाळातून पडलेला हाय म्हनतेत. चुंबक चिकटतंय याला. एक पार्टी चाळीस लाख द्यायला तयार हाय."

"मग अडलं कुठं, आबा?"

"आधी तपासनीची फी भरा म्हनतेत. तीस हजार. हळद तर अजून शिजवायची हाय. व्यापारी म्हनतो, ओलीच देऊन टाक, आजच पैशे घे."

इतका वेळ गप्प बसलेल्या मावशी म्हणाल्या, "मी म्हनते, आभाळाला येवढी शिवारं सोडून आमचंच वावर घावलं का?"

मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. पण प्रश्न मात्र त्यांनी अगदी मुळाचा विचारला. आभाळात धोंडे असतात का? असले तर ते कुठून आले? आणि ते खाली पडतात का? त्या रात्री आबांना जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो.

मळणीयंत्र येण्याआधीचे खळे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लवकर समजेल. मधोमध तिवडा रोवलेला आणि त्याभोवती बैलांची पात फिरते आहे. आपली सूर्यमाला तशीच आहे. तिवड्याच्या जागी सूर्य आणि त्याच्याभोवती फिरणारे आठ ग्रह: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून. फरक एवढाच की बैल एका दाव्याला बांधलेले असतात, ग्रह सुटे असतात. जो सूर्याजवळ आहे तो झपाट्याने फेरी पुरी करतो, जो लांब आहे तो रमतगमत.

हे खळे सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी मांडले गेले. आधी नुसता वायूचा आणि धुळीचा ढग होता. त्यातला बहुतेक माल मधे गोळा होऊन सूर्य झाला. उरलेल्या धुळीचे खडे झाले, खड्यांचे धोंडे झाले, धोंडे एकमेकांना चिकटून ग्रह झाले. पण ज्वारी काढली म्हणून रानात एकही कणीस उरत नाही असे होते का? सरवा मागे राहतोच. तसा आकाशातही सरवा राहिला. ज्या मालाचा ग्रह झाला नाही, तो अजून तसाच सूर्याभोवती फिरतो आहे.

हा सरवा मुख्यतः दोन ठिकाणी आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधे धोंड्यांचा एक मोठा पट्टा आहे. त्यांना लघुग्रह म्हणतात. शास्त्रज्ञांनी आजवर तेरा लाखांहून अधिक लघुग्रहांची नोंद केली आहे. तिथे ग्रह का झाला नाही? शेजारी गुरूसारखा दांडगा ग्रह आहे. त्याच्या ओढीने तिथला माल सारखा ढवळला गेला. लाडू वळताना कोणी सारखा हात हलवत राहिले तर लाडू वळतो का? तसेच ते. दुसरा सरवा नेपच्यूनच्याही पलीकडे, गारठलेल्या अंधारात आहे. तिथे दगडापेक्षा बर्फ जास्त. त्यातलाच एखादा बर्फाळ गोळा सूर्याकडे आला की त्याला शेपूट फुटते आणि आपण म्हणतो, शेंडेनक्षत्र उगवले. आभाळात दुष्काळाची चिठ्ठी घेऊन ते येत नाही. १९९७ साली हेल-बॉप नावाचे शेंडेनक्षत्र महिनाभर संध्याकाळी पश्चिमेला दिसत होते. लोक घाबरले होते. पाऊस-पाणी मात्र आपल्या चालीनेच चालले.

या सरव्यातले काही गोळे बरेच मोठे आहेत. इतके मोठे की आपल्याच वजनाने ते लाडवासारखे गोल झाले. पण ग्रह म्हणवून घ्यायला आणखी एक अट आहे. ज्या वाटेने फिरायचे ती वाट आपल्या जोरावर साफ केलेली पाहिजे. या गोळ्यांच्या वाटेवर इतर धोंडे अजून फिरतच असतात. म्हणून यांना बटुग्रह असे नाव २००६ साली देण्यात आले. आज असे पाच बटुग्रह मानले जातात: सेरेस, प्लुटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस.

यातल्या सेरेसशी आपले, म्हणजे शेतकऱ्यांचे, खास नाते आहे. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पियाझी नावाच्या धर्मगुरूने तो शोधला आणि त्याला रोमन लोकांच्या धान्यदेवतेचे नाव दिले. इंग्रजीत धान्याला 'सीरियल' म्हणतात, तो शब्दही याच देवीच्या नावावरून आला आहे. सेरेस सुमारे ९४० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे हिंगोलीपासून दिल्ली सरळ रेषेत जितकी लांब, जवळपास तितका. त्याचा दिवस नऊ तासांचा आणि वर्ष आपल्या साडेचार वर्षांहून थोडे मोठे.

अमेरिकेचे 'डॉन' नावाचे यान २०१५ साली सेरेसभोवती फिरू लागले आणि २०१८ पर्यंत काम करत राहिले. त्याने पाठवलेल्या चित्रांवरून तिथल्या खड्ड्यांना आणि डोंगरांना नावे देण्यात आली. देवी धान्याची, म्हणून नावेही शेतीच्या देवतांची आणि सुगीच्या सणांची. तिथल्या सुमारे चार किलोमीटर उंच एकट्या डोंगराचे नाव आहे आहुना. हा आपल्या नागालँडमधल्या सुमी नागा शेतकऱ्यांचा सुगीचा सण. त्यांनी घरात नवे धान्य आणून सण केला आणि त्याचे नाव सूर्यमालेत कोरले गेले. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ती अशी.

आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सेरेसवर एका मोठ्या खड्ड्याच्या तळाशी पांढरे शुभ्र डाग दिसले. ते काय असावे यावर बरीच चर्चा झाली. शेवटी निघाला सोडा, आपल्या धुण्याच्या सोड्याच्या जातीचा. खालचे खारे पाणी वर आले, पाणी उडून गेले आणि क्षार मागे राहिला. बंधूंनो, हे वाचून तुम्हाला कशाची आठवण झाली? चोपण जमिनीची की नाही? उन्हाळ्यात जिच्यावर पांढरा थर फुटतो, माती परीक्षणात जिचा सामू साडेआठच्या वर निघतो आणि जिला आपण जिप्सम घालतो, तिथे खोडी याच सोडियमची. सूर्यापासून सुमारे ४१ कोटी किलोमीटरवर आणि आपल्या बांधावर, रसायनाचा नियम एकच.

आता आकाशातून जमिनीवर येऊ. सेरेससारखाच सोड्याचा एक खड्डा आपल्या शेजारी आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. हिंगोलीहून सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, सेनगावकरांना तर त्याहूनही जवळ. लोणार नावातच लवण आहे. तिथल्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास, त्यामुळे मासोळीसुद्धा टिकत नाही. विष्णूने लवणासुराला इथे पाताळात गाडले ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ साली या सरोवराची नोंद केली आणि पुढे बरीच वर्षे शास्त्रज्ञांना ते ज्वालामुखीचे तोंड वाटत होते. १९७० नंतरच्या दशकात तिथली काच आणि तडाख्याने बदललेले खनिज तपासले तेव्हा नक्की झाले की हे विवर आकाशातून आलेल्या धोंड्याच्या धडकेने पडले आहे.

विचार करा, आपला काळा पाषाण. विहिरीला तो लागला की सुरुंग लावावा लागतो. त्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा एका क्षणात पडला. हे कधी घडले? एका पद्धतीने काढलेले वय सुमारे ५० हजार वर्षे निघाले, नंतरच्या दुसऱ्या पद्धतीने पाच लाखांच्या वर. कोणतेही धरा, तेव्हा शेती नव्हती. २०२० च्या जूनमध्ये त्या तळ्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाही लोक कोप झाला म्हणत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले. पाणी आटून खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी रंग आणला, एवढेच.

"असा धोंडा पुन्हा पडला तर?" आबांनी हेच विचारले. लोणारसारखा धोंडा फार क्वचित येतो. लहान येतात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्क शहरावर वीसेक मीटरचा धोंडा हवेतच फुटला. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, ती बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. झगमगाट पाहायला लोक खिडकीशी गेले आणि मागून धक्का आला. तेव्हा आभाळात कधी डोळे दिपवणारा लोळ दिसला तर खिडकीपासून दूर व्हावे, एवढे ध्यानात ठेवा. माणूसही आता हातावर हात ठेवून बसलेला नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या 'डार्ट' यानाने डिमॉर्फोस नावाच्या लहान धोंड्याला मुद्दाम धडक दिली. तो ज्या मोठ्या धोंड्याभोवती फिरत होता, त्याची फेरी अर्ध्या तासाहून अधिक वेळाने लवकर पुरी होऊ लागली. म्हणजे धोंड्याची वाट वळवता येते.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. धोंडे खरोखर वावरात पडतात का? पडतात. हवेत चमकते ती उल्का, आणि जळून उरलेला तुकडा जमिनीवर पोचला की त्याला म्हणायचे अशनी. आपल्या खानदेशात माणेगाव इथे १८४३ साली अशनी पडला. त्या जातीचे दगड वेस्टा नावाच्या लघुग्रहावरून आलेले मानले जातात. सेरेसनंतर त्या पट्ट्यात वजनाने दुसरा नंबर वेस्टाचा. नागपूर जिल्ह्यात काटोल इथे २२ मे २०१२ रोजी भर दुपारी दगडांचा वर्षाव झाला. गोळा झालेला सारा माल मिळून तेराएक किलो. त्या दगडांत पुढे आपल्याच शास्त्रज्ञांना असे खनिज सापडले की जे पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असते. विहीर तिथवर खणता येत नाही. आकाशाने नमुना घरपोच दिला. अशनीचे खरे मोल हे असे असते.

मग आपल्या हातातला दगड अशनी आहे की नाही हे कसे ओळखावे? बियाण्याची उगवण तपासतो तशा याच्याही साध्या कसोट्या आहेत.

पहिली, वरची साल. हवेतून येताना अशनीचा वरचा पापुद्रा वितळतो. ताजा पडलेला असेल तर त्याला करपलेल्या भाकरीसारखी पातळ काळी साल असते आणि आतून दगड बहुधा फिकट राखाडी निघतो. दुसरी, ठसे. मळलेल्या कणकेत अंगठा दाबावा तसे उथळ खळगे काही अशनींवर असतात. तिसरी, भोके. आपल्या काळ्या पाषाणात बारीक भोके असतात आणि त्यांत पांढरे खडे भरलेले असतात. अशनीत सहसा ती नसतात. चौथी, कानस. एक कोपरा घासून पाहिला की बहुतेक अशनींत लोखंडाचे चकचकीत कण दिसतात. पाचवी, चुंबक. आणि फसगत होते ती इथेच. बहुतेक अशनींना चुंबक लागतो हे खरे, पण आपल्या काळ्या पाषाणातही लोहाचे खनिज असते, त्यालाही चुंबक थोडाफार धरतो. लोहाराच्या भट्टीतल्या कीटालाही धरतो. नुसता चुंबक लागला म्हणून दगड आकाशातला ठरत नाही.

आभाळातून पडणारे सगळेच उल्का नसते हेही सांगून ठेवतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. महाराष्ट्रात कितीतरी गावांतून आभाळात जळत्या रेघा दिसल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही भागात धातूचे मोठे कडे पडले. तो अग्निबाणाचा भंगार होता. असे काही पडले तर हात न लावता तलाठ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवावे. खरा अशनी वाटला तर तोही कळवावा. अशा दगडांची तपासणी आणि जतन करण्याचे काम सरकारच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या खात्याकडे आहे. आणि एक पक्के लक्षात ठेवा, दगड विकत घेणारा खरा असेल तर तो पैसे देतो, आधी मागत नाही.

मी कानस आणली. आबांच्या दगडाचा कोपरा घासला. आत काळा पाषाण, भोके आणि पांढरे खडे. चकाकणारा एक कणही नाही. आबांचा चेहरा उतरला. मग त्यांचे मन दुसरीकडे वळावे म्हणून मी त्यांना एका शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट सांगितली. तीही ऐका.

अमेरिकेतल्या कॅन्सस भागात क्लाईड टॉम्बॉ नावाचा पोरगा होता. जन्म १९०६ चा. घरची शेती. कॉलेजात जायची हौस, पण गारपिटीने उभे पीक झोपवले आणि कॉलेज राहून गेले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली ती ज्यांनी भोगली, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. पोरगा रडत बसला नाही. जुन्या मोटारीचे आणि मलई काढायच्या यंत्राचे भाग जोडून त्याने घरीच दुर्बीण केली. रात्री गुरू आणि मंगळ पाहून त्यांची चित्रे काढली आणि एका वेधशाळेला पाठवली. त्यांनी त्याला कामावर बोलावले. काम कसले? एकाच आभाळाचे वेगवेगळ्या रात्रींचे फोटो घ्यायचे आणि हजारो ठिपक्यांत कोणता ठिपका जागचा हलला ते शोधायचे. तुरीच्या डाळीतून खडे निवडण्यासारखे चिकाटीचे काम. १८ फेब्रुवारी १९३० रोजी त्याला हललेला ठिपका सापडला. तो प्लुटो. शोधणारा तेव्हा २४ वर्षांचा होता. कॉलेज त्याने नंतर पुरे केले.

प्लुटो पुढे ७६ वर्षे नववा ग्रह म्हणून शाळेत शिकवला गेला. तुम्ही-आम्हीही तेच पाठ केले. त्याच्या आसपास तसेच आणखी गोळे सापडू लागले, तेव्हा २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरात जमलेल्या शास्त्रज्ञांनी त्याला बटुग्रहांत बसवले. त्यामुळे कोणाची पेरणी उलटली नाही, कोणाचे लग्न मोडले नाही. आपण दिलेले नाव बदलले, प्लुटो आपल्या वाटेने २४८ वर्षांची फेरी घालतोच आहे. सापडल्यापासून त्याचे एक वर्षही अजून पुरे झालेले नाही. १४ जुलै २०१५ रोजी 'न्यू होरायझन्स' यान त्याच्याजवळून गेले. टॉम्बॉ १९९७ साली वारले होते. त्या यानात त्यांची थोडी रक्षा ठेवलेली होती. गारपिटीने कॉलेज हुकलेला पोरगा असा प्लुटोपर्यंत पोचला.

आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो' नावाची मोठी प्रयोगशाळा उभारायला सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. दूर अवकाशातल्या प्रचंड घडामोडींनी उठणाऱ्या अतिसूक्ष्म थरथरीचा ती मागोवा घेणार. तिथे उद्या काम करणारी पोरे-पोरी आपल्याच वाड्यावस्त्यांवरची का असू नयेत? त्याची सुरुवात महागड्या दुर्बिणीने होत नाही, वर पाहण्याने होते.

आणि वर पाहायला शेतकऱ्याइतकी संधी कोणाला? रब्बीत लाइट रात्रीची, हरभऱ्याला-गव्हाला पाणी द्यायला मध्यरात्री उठावेच लागते. यंदा १३ डिसेंबरची रात्र लक्षात ठेवा. दरवर्षी त्या सुमारास मिथुन राशीकडून उल्का पडतात. चंद्राचा उजेड नसेल तर तासाला कितीतरी दिसतात. या उल्का फेथॉन नावाच्या लघुग्रहाने वाटेत सांडलेली धूळ आहे. त्यातला बराचसा माल ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठा नसतो. वरच जळून जातो. अंगावर पडेल ही भीती नको. पायाखाली मात्र बॅटरी धरा, विंचू-काट्याचे भय आभाळापेक्षा बांधावर जास्त. जमले तर पोरांनाही बरोबर न्या आणि हा सरवा त्यांना दाखवा.

आबांचे पुढे काय झाले? त्यांनी हळद ओली दिली नाही. शिजवली, वाळवली, पॉलिश करून रीतसर बाजारात नेली. तीस हजार घरातच राहिले. परवा त्यांच्या वस्तीवर गेलो होतो, तर तो दगड अंगणात ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवलेला दिसला.

मी हसलो. मावशी म्हणाल्या, "आभाळातला नसंना का, साहेब, ताडपत्री उडू देत नाही."